चाळिशी आणि माशी

बंदुकीच्या नळीच्या टोकाला एक बारीकसा मणी किंवा पातं असतं. नेम धरताना त्यावर नजर ठेवायची असते. त्याला मराठीत माशी म्हणतात. हा शब्द ज्यानं काढला त्यानं एक डोळा मिटून नळीवरून बराच वेळ बघितलं असणार, कारण ती खरोखरच बसलेली दिसते, आत्ता उडेल अशी. माझ्या बाबतीत ती चव्वेचाळिसाव्या वर्षी उडालीच. चाळिशी लागली, पेपर लांब धरून वाचायला लागलो, आणि एके दिवशी लक्षात आलं की हात पसरून जितकं अंतर होतं, तिथलं काहीच आता धारदार दिसत नाही.

त्या वेळी काही बिघडलं नाही. बंदूक हातात धरायचा प्रसंगच कुठे येत होता? शेवटची धरली होती ती कोल्हापुरात, शाळेत, एनसीसीच्या फायरिंगला. पंचवीस यार्डांची रेंज, खाली ताडपत्री, पॉइंट टू टू रायफल (म्हणजे नळीचं भोक साधारण .२२ इंचाचं) आणि प्रत्येकी पाच काडतुसं. आमचे उस्ताद फौजेतून आलेले. दंडावर पट्ट्या, आवाजात खर. ते हिंदीत तीन गोष्टी घोकून घ्यायचे: मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, ट्रिगर ऑपरेशन. आम्हां पोरांना 'दुरुस्त शिस्त' म्हणजे गप्प पडून राहायचं, हलायचं नाही, असं वाटायचं. शिस्त म्हणजे रांग, शिस्त म्हणजे कडक इस्त्री. पुढं केव्हातरी कळलं की या फारसी शब्दाचा बंदुकीपुरता अर्थ नेम असाच आहे, आणि जुन्या मराठीतही शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. रांगेत उभं राहणं तिला नंतर चिकटलं असावं. मला हा जुना अर्थ जास्त आवडतो.

हे सगळं पुन्हा वर आलं ते शेजारच्या आजोबांमुळे. मी अमेरिकेत, पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. आजोबा ऐंशी ओलांडलेले, आयुष्यभर मशीन शॉपमध्ये काम केलेले. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी नाही, लेथ आहे. माझ्या वडिलांचं, आण्णांचं, कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप होतं, म्हणून कटिंग ऑइलचा वास आला की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. आमची मैत्री त्या वासावर झाली. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांनी एका जुन्या ब्लँकेटची गुंडाळी बाकावर ठेवली आणि म्हणाले, "माझ्या वडिलांची. मी दहा वर्षांचा असताना यावर शिकलो. बघ जरा, अजून काही जीव आहे का."

रायफल इतकी लहान की मला आधी खेळणंच वाटलं. वजन दोन किलोच्या आसपास. नळीचा मागचा अर्धा भाग अष्टकोनी, पुढचा गोल. अक्रोडाचा दस्ता, त्यावर खिळ्यानं कोरलेली दोन अक्षरं. आणि नळीवर बारीक ठशात: जे. स्टीव्हन्स ए. अँड टी. कंपनी, चिकोपी फॉल्स, मास. खाली पेटंटची तारीख, १७ एप्रिल ९४. म्हणजे अठराशे चौऱ्याण्णव. मॉडेलचं नाव फेव्हरिट.

साल काढायला एवढं पुरेसं होतं. पेटंट १८९४ चं, म्हणजे त्याच्या आधीची नाही. नळीवरचं ए. अँड टी., म्हणजे 'आर्म्स अँड टूल', हे नाव पहिल्या महायुद्धात गेलं. १९१५ मध्ये न्यू इंग्लंड वेस्टिंगहाउसनं हा कारखाना विकत घेतला, रशियाच्या झारसाठी मोसिन-नागांत रायफली बनवायला. पुढं १९२० मध्ये तो सॅव्हेजकडे गेला. म्हणजे ही १८९४ आणि महायुद्ध या दोन टोकांच्या मधली. चिकोपी फॉल्स आमच्या घरापासून गाडीनं पाऊण तासावर आहे. जोशुआ स्टीव्हन्सनं तिथं १८६४ मध्ये धंदा सुरू केला, आणि पुढं याच कंपनीनं ड्युरिया नावाच्या माणसाबरोबर मोटारगाड्याही बनवल्या. पण तिचं पोट भरलं ते पोरांच्या रायफलींवर. एकट्या फेव्हरिटचा खप दहा लाखांच्या वर गेला म्हणतात. शेतावरच्या घरात पोरगं दहा-बारा वर्षांचं झालं की त्याला अशी एकबारी रायफल मिळायची, खारी आणि ससे मारायला. एकबारी यासाठी की एकच गोळी असली की पोरगं नीट बघून मारतं. काडतुसं विकत आणावी लागत.

वाचता वाचता एका गोष्टीशी मात्र मी थबकलो. आज जगभर ज्याला पॉइंट टू टू लाँग रायफल म्हणतात, ते काडतूस याच कंपनीनं १८८७ मध्ये बाजारात आणलं. आधी पॉइंट टू टू शॉर्ट होतं, स्मिथ अँड वेसननं १८५७ मध्ये आपल्या छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी काढलेलं. मग १८७१ मध्ये लाँग आलं. स्टीव्हन्सनं लाँगच्या काडतुसाची पुंगळी तशीच ठेवली, त्यातली पाच ग्रेन (गोळी-दारू तोलायचं बारीक वजन) काळी दारूही तेवढीच, आणि २९ ग्रेनच्या जागी ४० ग्रेनची गोळी बसवली. बास, एवढंच. कोल्हापुरात ताडपत्रीवर पडून मी जी पाच काडतुसं झाडली ती याच घराण्यातली. उस्तादांना हे सांगायला हवं होतं.

रिमफायर काडतूस ही मुळात गमतीशीर वस्तू आहे. मोठ्या काडतुसाच्या बुडात मधोमध ठोक्यानं पेटणारी टोपी असते, पिन तिच्यावर बसते. इथं टोपीच नाही. बुडाला जी बाहेर आलेली कड असते ती आतून पोकळ, आणि पेटणारा मसाला ओला असताना फिरवून त्या पोकळीत बसवलेला. पिन कडेवर मारते, कड नळीच्या मागच्या तोंडावर चेपते, मसाला चिरडतो आणि पेटतो. म्हणजे पिन हातोडा आणि नळीचं तोंड ऐरण. याचा मूळपुरुष पॅरिसचा लुई-निकोलस फ्लोबेर. त्यानं १८४५ च्या सुमारास टोपीतच गोळी बसवली, दारू घातलीच नाही. टोपीच्या मसाल्यावरच गोळी उडायची, आणि साहेबलोक जेवण झाल्यावर दिवाणखान्यात निशाणेबाजी करायचे. पडद्यांचं काय व्हायचं ठाऊक नाही.

फेव्हरिट उघडायला स्क्रूड्रायव्हर लागत नाही. पुढच्या लाकडाजवळ, खालच्या बाजूला मोठ्या डोक्याचा एक स्क्रू आहे, बोटांनी फिरवायचा. तो सैल केला की नळी लाकडासकट पुढं निघून येते. दोन तुकडे पिशवीत टाकायचे आणि सायकलला अडकवायचे. नळी काढली की समोर सगळं उघडं. चापाच्या भोवतीची कडी हाच लिव्हर. तो खाली ओढला की पोलादाचा ठोकळा खाली सरकतो आणि मागं कलतो, नळीचं तोंड मोकळं होतं, आणि एक छोटा आकडा जुन्या काडतुसाला कडेत पकडून बाहेर ढकलतो. नवं काडतूस अंगठ्यानं आत सरकवायचं. लिव्हर वर, ठोकळा वर. घोडा मात्र स्वतः अंगठ्यानं ओढायचा. कुठं काही लपवलेलं नाही. कोण कुणाला ढकलतं, कुणाच्या पाठीवर कोण टेकतं, हे बघून कळतं. आण्णांचं एक वाक्य होतं, नवीन पोरगं मशिनीला हात लावायला गेलं की ते म्हणायचे, "आधी बघ की लेका. हात काय पळून जात नाहीत." ही रायफल आण्णांना आवडली असती.

त्या काळातल्या बाकीच्या एकबारींचीही एकेक तऱ्हा. रेमिंग्टनच्या नंबर चारमध्ये ठोकळा आणि घोडा एकामागं एक, दोन चाकांसारखे फिरतात, आणि घोडा पडताना ठोकळ्याच्या खाली जाऊन बसतो, म्हणजे ज्या क्षणी बार होतो त्याच क्षणी कुलूप सगळ्यांत घट्ट. फार शहाणी रचना. विंचेस्टरचं लो वॉल हे ब्राउनिंगचं, १८८५ चं, ते सुंदर आहे पण गरिबाचं नाही. इंग्लंडात वेगळीच तऱ्हा: दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात साहेबाच्या शिपायांना नेम धरता येत नाही असं उघडं पडलं, आणि लॉर्ड रॉबर्ट्सच्या आग्रहानं १९०१ पासून गावोगाव छोट्या रायफलींचे क्लब निघाले. तिथं बीएसए कंपनीच्या मार्टिनी रायफली चालल्या. हाच रॉबर्ट्स आधी हिंदुस्थानात सरसेनापती होता. आणि विंचेस्टरनं १९०४ मध्ये एक रायफल काढली जिला चापच नव्हता, मागचं बटण अंगठ्यानं दाबायचं. अमेरिकेत फारशी चालली नाही, ऑस्ट्रेलियात चालली. का, ते ऑस्ट्रेलियनांना विचारावं.

आमच्या रायफलीला जीव होता, पण दम लागला होता. लिव्हर डावीकडे-उजवीकडे हलवला की खडखड. ज्या स्क्रूंवर ठोकळा आणि लिव्हर फिरतात त्यांची भोकं शंभर वर्षांत लांबट झाली होती. उद्यमनगरात याला 'ओव्हल आलाय' म्हणतात, आणि ऐकणारा लगेच मान हलवतो. इथं तो नुसता खडखडाट नसतो. ठोकळा नळीला घट्ट टेकला नाही तर काडतुसाच्या कडेला मागून आधार नाही, कड फुटली की पेटता वायू मागं येतो, आणि मागं तुमचा डोळा असतो. आजोबांनी भोकं रीमरनं साफ गोल केली, मी लेथवर दोन नवे स्क्रू काढले, अंगाला किंचित जाड. तीन शनिवार गेले. पहिला स्क्रू मी भंगारात घातला, कारण आटे कापताना अमेरिकन मापाचा हिशेब डोक्यात मेट्रिकमध्ये करत होतो.

दुसरं दुखणं नळीच्या मागच्या तोंडाशी. भिंगातून बघितलं तर काठावर तांदळाच्या कणीएवढा खळगा. कुणीतरी, बहुधा पावसाळी दुपारी कंटाळलेल्या पोरानं, रिकाम्या रायफलीचा चाप हजारदा ओढला होता. काडतूस नसलं की पिन थेट ऐरणीवर बसते. दबलेलं पोलाद कुठंतरी जाणारच, ते आतल्या बाजूला कंगोरा काढून उभं राहतं आणि काडतूस अडकायला लागतं. त्यावर इलाज आहे. गुळगुळीत, निमुळता पोलादी दांडा भोकात घालून तो कंगोरा हळूहळू दाबत मागं न्यायचा, इस्त्री केल्यासारखा. कानस लावायची नाही. कानस लावली की धातू गेला तो गेलाच. मी आजोबांकडे बघितलं, ते खाली बघत होते. "मीच असणार," म्हणाले.

नळीच्या आतल्या, गोळीला फिरवणाऱ्या पेचांवर मात्र इलाज नव्हता. उजेडाकडे धरून बघितलं तर देवीचे व्रण. याचा दोष पावसाला देतात, पण खरा गुन्हेगार जुन्या काडतुसांचा मसाला. त्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाला की त्याचं क्लोराइड होतं, आपल्या मिठाचाच सख्खा भाऊ. तो नळीला चिकटतो, हवेतलं पाणी ओढतो आणि पोलाद खातो. काळ्या दारूच्या काळात लोक नळी गरम पाण्यानं धुवायचे, मीठ विरघळायचं. धूर न करणारी दारू आली, नळी स्वच्छ दिसायला लागली आणि लोकांनी पाणी सोडून नुसतं तेल लावलं. तेलात मीठ विरघळत नाही. बिनगंजाचा मसाला १९२० च्या दशकाच्या अखेरीला आला, तोवर लाखो पोरांच्या रायफली आतून खाऊन झाल्या होत्या. जुनी नळी आतून मोठी करून तिच्यात नवी बारीक नळी बसवता येते. आजोबा नको म्हणाले. माझ्या मनातही नको होतं.

आता साइट, म्हणजे नेम धरायची खाच आणि माशी. खरं म्हणजे मला लिहायचं आहे ते याच्यावर, बाकी सगळं वाटेत लागलं.

रायफलीवर मागं साधा पत्र्याचा साइट होता, वर व्ही आकाराची खाच, खाली पायऱ्यापायऱ्यांची पट्टी. पट्टी पुढं सरकवली की खाच एक पायरी वर चढते, गोळी वर लागते. पुढं माशी, जर्मन सिल्व्हरची, तिरक्या खाचेत आडवी ठोकून बसवलेली. दहा वर्षांच्या डोळ्याला यापेक्षा जास्त काही लागत नाही. त्याला खाच, माशी आणि पन्नास फुटांवरची खार तिन्ही एकदम लख्ख दिसतात. पन्नाशीच्या डोळ्याचं भिंग कडक झालेलं असतं, त्याला एकाच अंतरावर थांबावं लागतं. मी रायफल खांद्याला लावली तर खाच म्हणजे मळकट दरी, आणि माशी नुसती शंका. चाळिशी लावली तर खाच दिसते, खार राहत नाही. लांबचा चष्मा लावला तर खार दिसते, बंदूक राहत नाही.

आणि चूक किती महाग पडते त्याचं गणित सोपं आहे. मी फुटपट्टी लावली. खाच ते माशी १५ इंच. २५ यार्ड म्हणजे ९०० इंच, म्हणजे साठपट. माशी खाचेत इंचाच्या शंभराव्या भागानं, दोन-तीन कागदांच्या जाडीएवढी, बाजूला दिसली तर गोळी टारगेटवर अर्ध्या इंचाहून जास्त सरकते.

दस्त्याच्या पुढं, घोड्याच्या मागं, पोलादी जिभेवर मला दोन स्क्रू दिसले जे काहीच धरून नव्हते. भोकं झाकण्यापुरते बसवलेले. म्हणजे तिथं कधीतरी काहीतरी होतं. स्टीव्हन्सच्या कॅटलॉगात हीच रायफल साइटप्रमाणे वेगळ्या नंबरानं विकली जायची. नंबर सतरा म्हणजे साधा उघडा साइट. अठराला मागं मापाच्या रेघा असलेला व्हर्नियर भोकसाइट (खाचेऐवजी भोकातून बघायचा) आणि पुढं बीचचा साइट, जो एका बाजूला पाडला की साधी माशी आणि उभा केला की कड्यात बसवलेला मणी. एकोणीसला लायमनचे साइट. आमची कुठली ते सांगता येत नाही, पण भोकं खोटं बोलत नाहीत.

विल्यम लायमन कनेटिकटमधल्या मिडलफील्डचा, आमच्या इथून फार लांब नाही. यानंच होडीसाठी अशी वल्ही काढली होती की वल्हवणाऱ्याचं तोंड मागं न राहता पुढं राहील. वल्हवणारा माणूस जन्मभर उलटा बसून जातो हे त्याला सहन झालं नसावं. १८७९ मध्ये त्यानं भोकसाइटचं पेटंट घेतलं. भोकसाइट त्याच्या आधीही होते, पण जाड चकतीला सुईएवढं भोक, अंधारात बघितल्यासारखं. लायमननं भोक मोठं केलं, कड पातळ केली आणि ते डोळ्याजवळ आणलं. कड इतकी जवळ की डोळा तिला बघूच शकत नाही, ती धूसर होऊन विरून जाते. उरतं ते फक्त उजेडाचं वर्तुळ.

यात दोन गोष्टी होतात. एक आजीला माहीत होती. चष्मा सापडला नाही की ती मूठ वळून, मुठीच्या बारीक फटीतून पंचांगातली तिथी वाचायची. बारीक भोकातून येणारा उजेड कमी पसरतो, म्हणून जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी धारदार होतं. दुसरी गोष्ट मला अजूनही चमत्कारासारखी वाटते. वर्तुळाच्या मध्यभागी माशी आणायची नसते. ती डोळा आपण होऊन आणतो, कारण उजेड तिथंच सगळ्यांत जास्त असतो. आपण फक्त माशी टारगेटवर ठेवायची. वर्तुळाकडे लक्ष गेलं, मध्यभाग तपासायला गेलो, की सगळं बिघडलं. मागच्या साइटकडे बघायचंच नाही, त्याच्यातून बघायचं.

जुन्या बाजारात तीन महिने शोधल्यावर एक लायमन मिळाला, निळा रंग उडालेला, फिरवायची कळ जॅम. रॉकेलमध्ये आठवडाभर भिजवल्यावर ती सुटली. भोकांना बसेल असा पाया आजोबांनी आधीच घासून ठेवला होता. आता माशी ते भोक २९ इंच. अंतर जवळपास दुप्पट, म्हणजे चूक जवळपास अर्धी.

रायफल आजोबांच्या परवान्यावर आहे, म्हणून गॅरेजबाहेर ती माझ्या हातात आली ती थेट त्यांच्या क्लबच्या रेंजवर, एप्रिलमध्ये, बर्फ वितळून चिखल झालेला असताना. काडतुसं साध्या वेगाची. हल्लीची जोरकस काडतुसं या म्हाताऱ्या सांगाड्याला द्यायची नाहीत, हे आमचं आधीच ठरलं होतं. खाली ताडपत्रीच होती. मी पालथा पडलो, चष्मा कपाळावर सरकवला, आणि भोकातून बघितलं.

माशी बसलेली होती. कडा धारदार, वर जर्मन सिल्व्हरचा एक चमकता ठिपका.

पाच गोळ्या. प्रत्येकीला लिव्हर खाली, काडतूस अंगठ्यानं आत, लिव्हर वर, घोडा मागं. एवढं करेपर्यंत छातीतली धडधड आपोआप उतरते. तोंडातल्या तोंडात मी काहीतरी पुटपुटत होतो. दुर्बिणीतून बघत असलेल्या आजोबांनी विचारलं, प्रार्थना करतोस का? म्हटलं, नाही, आमच्या उस्तादांचं आहे.

देवीचे व्रण असलेल्या नळीच्या मानानं पाचही भोकं कौतुकास्पद होती, एका आठ आण्याच्या नाण्याखाली झाकली जातील अशी. फक्त काळ्या गोलाच्या डावीकडे, दीड इंच. मागच्या साइटला आडवं सरकवायची सोय नाही, म्हणजे माशीच हलवायला हवी. आणि माशीचा कायदा उलटा असतो: मागचा साइट जिकडे गोळी हवी तिकडे सरकवायचा, माशी मात्र गोळी जिकडे चुकते तिकडे, चुकीच्या पाठोपाठ. गणित केलं तर सरकवायची होती इंचाच्या वीसाव्या भागाएवढी, म्हणजे बेतानं दोन-तीन टिचक्या.

"डावीकडे," मी म्हणालो.

आजोबांनी खिशातून पितळी पंच काढला आणि नळीचं पुढचं टोक गुडघ्यावरच्या टॉवेलवर टेकवून, एक डोळा मिटून, हातोडी उचलली.